लाल ठिपक्यांचा फुटबॉल आणि तुमचे प्रश्न

हातात धरून खेळायच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक खेळांवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देते आहे. पहिल्या पत्राने बरीच जागा घेतली आहे, आणि ती मी मुद्दामच दिली आहे.

प्रश्न : ताई, काकांच्या सामानात मला मॅटेल या खेळणी कंपनीचा हातात धरून खेळायचा इलेक्ट्रॉनिक फुटबॉल मिळाला. मागे १९७७ साल आहे. चालू होतो, आवाजही येतो. पण दर वेळी तीन-चार यार्डांत माझा ठिपका पकडला जातो. शिवाय एकट्याने खेळायचं तर दोन्ही संघ मीच. मग जिंकलं कोण आणि हरलं कोण? यात खरंच काही खेळ आहे, की आठवण म्हणून कपाटात ठेवून देऊ?

उत्तर : कपाटात अजिबात ठेवू नका. यात खेळ आहे, आणि चांगला कसदार आहे. तो बोटांच्या वेगात नाही, कधी थांबायचं ते कळण्यात आहे. तुम्ही पकडले जाता त्याचं कारणही बहुधा हेच.

आधी समोर काय दिसतं ते नीट पाहू. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू घेऊन पळायचं आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठायचे. गाठले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही गाठले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. या एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. खऱ्या मैदानावर एका बाजूला अकरा जण असतात. तुमच्या हातातल्या खिडकीत मात्र तीन आडव्या ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत नऊ जागा. प्रत्येक जागी एक छोटी लाल रेघ पेटू शकते. सगळ्यात उजळ ठिपका म्हणजे तुम्ही. बाकीचे पाच मंद ठिपके तुम्हाला धरायला निघालेले. तुमच्या संघातले उरलेले दहा दाखवलेलेच नाहीत. पास देता येत नाही, मागे फिरता येत नाही. वर, खाली आणि पुढे, एवढंच हातात.

आता पकडले जाण्याबद्दल. तुम्ही पुढे जायचं बटण सलग दाबत असणार. नवा माणूस हेच करतो, कारण खेळ पळण्याचा आहे असं त्याला वाटतं. एकदा पुढचे डाऊन वाया घालवायचे ठरवूनच खेळा आणि नुसतं पाहा. एक पाऊल पुढे टाका आणि बोट उचला. पाचही मंद ठिपके एकदम अंगावर येत नाहीत. एक हलतो, मग दुसरा, मग कदाचित पुन्हा पहिलाच. प्रत्येक जण हलतो तेव्हा आपली जागा सोडतो, आणि त्याने सोडलेली जागा हीच तुमची वाट. समजा तुम्ही मधल्या ओळीत आहात आणि समोर दोन घरांवर एक जण उभा आहे. वरची ओळ मोकळी दिसली म्हणून लगेच वर जाऊ नका. तो वर सरकेपर्यंत मधेच थांबा. तो वर गेला की मधली ओळ उघडते, आणि मग दोन-तीन पावलं पटापट टाकायची. ही वाट तेवढ्याच वेळेपुरती असते. पुढच्या ठिपक्यापाशी पोचलात की पुन्हा थांबा.

थांबण्याची किंमतही आहे, नाही तर खेळ सोपा झाला असता. खेळी चालू असेपर्यंत घड्याळ उतरत राहतं. पिछाडीवर असाल आणि शेवटचा क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांतला शेवटचा, सरत आला असेल, तर थांबायला वेळच उरत नाही. आघाडीवर असाल तर तेच थांबणं तुमच्या कामाला येतं. मैदानावर संघ याच हिशेबाने वेळ खर्च करतात किंवा वाचवतात. एवढ्याशा खिडकीत हे सगळं जसंच्या तसं उतरलं आहे.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तुमचा ठिपका खिडकीच्या टोकाला पोचला की नाहीसा होतो आणि दुसऱ्या टोकाला उगवतो. मैदान शंभर यार्डांचं आहे आणि खिडकीत नऊच घरं, म्हणून ही सोय. पण खिडकीतले मंद ठिपके जिथे होते तिथेच राहतात. ज्यांना चुकवून आलात तेच पुन्हा पुढ्यात उभे! म्हणून शेवटच्या घराच्या अलीकडे क्षणभर थांबून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका. ज्या ओळीत तुम्ही आहात, त्याच ओळीच्या सुरुवातीला कोणी उभा असेल, तर आधी ओळ बदला आणि मग टोक ओलांडा. एवढ्या एका सवयीने तुमची धाव दुप्पट लांब होईल असं मी खात्रीने सांगते.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. एकट्याने खेळताना दोन्ही बाजूंनी आपणच, हे खरं आहे. यंत्र फक्त बचाव करतं, चेंडू घेऊन पळत नाही. होमचा, म्हणजे यजमान संघाचा डाव तुम्ही खेळायचा, व्हिजिटरचा, म्हणजे पाहुण्या संघाचाही तुम्हीच. दोघं असाल तर यंत्र एकमेकांच्या हातात द्यायचं. माझी धाकटी बहीण आणि मी अजूनही असंच खेळतो, आणि तिच्या हातात यंत्र असताना मी बोलायचं नाही हा आमचा जुना करार आहे.

एकटी असते तेव्हा मी दोन्ही संघांना वेगळा स्वभाव देते. होम हा धाडसी संघ. चौथ्या डाऊनला कितीही यार्ड उरले असोत, तो पळतोच. व्हिजिटर सावध. चौथा डाऊन आला की तो किक मारून चेंडू लांब समोरच्या संघाकडे धाडतो, मग दोनच यार्ड का हवे असेनात. मग प्रामाणिकपणे खेळायचं. होमच्या वेळी बोट जितकं दक्ष, तितकंच व्हिजिटरच्या वेळी. सामन्याचा निकाल वहीत लिहायचा. अशी वही हळूहळू बोलायला लागते. आपल्या चौथ्या डाऊनच्या निर्णयांतला कुठला शहाणा आणि कुठला नुसता उतावळा, ते आकड्यांतून दिसतं. तेव्हा जिंकलं कोण, याचं उत्तर असं की एका विचाराने दुसऱ्या विचारावर मात केली. मला हे फार खरं जिंकणं वाटतं.

यासाठी बटणांची ओळख पक्की हवी. एसटी दाबलं की कितवा डाऊन, चेंडू कुठे आहे आणि किती यार्ड हवेत ते दिसतं. एससी दाबलं की गुण आणि उरलेला वेळ. के म्हणजे किक, आणि ती चौथ्या डाऊनलाच चालते. गोल जवळ असेल तर त्याच किकचा फील्ड गोल, म्हणजे चेंडू गोलच्या खांबांमधून मारणं, होऊन तीन गुण मिळू शकतात. टचडाऊन, म्हणजे चेंडू घेऊन मैदानाचं टोक गाठणं, झाला की सात गुण एकदम जमा होतात; खऱ्या खेळात सहा मिळतात आणि वरच्या एका गुणासाठी वेगळी किक मारतात, तशी इथे मारावी लागत नाही. प्रत्येक डाऊननंतर एसटी दाबायची सवय लावून घ्या. बरेच लोक ते दाबतच नाहीत आणि मग हा खेळ आंधळा आहे म्हणतात. अहो, निम्मा खेळ त्या आकड्यांत आहे. ‘तिसरा डाऊन, आठ यार्ड’ हे वाचून जो विचार डोक्यात येतो तो आणि ‘तिसरा डाऊन, एक यार्ड’ वाचून येतो तो, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठिपके मात्र दोन्ही वेळा तेच.

चालू करायच्या खटक्याला प्रो १ आणि प्रो २ अशा दोन जागा आहेत. वर सांगितलेलं थांबणं अंगवळणी पडेपर्यंत प्रो १ सोडू नका. प्रो २वर ठिपके इतक्या लगबगीने येतात की वाट शोधायला सवड नसते, ती आधीच ओळखता यावी लागते.

आता थोडं या यंत्राच्या पोटातलं सांगते, कारण माझा खरा जीव तिथे अडकतो. १९७६ साली मॅटेलने ऑटो रेस नावाचा हातातला खेळ काढला. फिरते यांत्रिक भाग नसलेला, पूर्ण इलेक्ट्रॉनिक असा तो पहिला हातातला खेळ. त्यासाठी रॉकवेल कंपनीची कॅल्क्युलेटरसाठी बनवलेली चिप वापरली होती, आणि मार्क लेसर यांनी तो कार्यक्रम अवघ्या ५१२ बाइटमध्ये बसवला. आज फोनवरच्या एका साध्या फोटोला याहून कितीतरी जास्त जागा लागते. पुढच्याच वर्षी त्यांच्याच हातून फुटबॉल आला. कॅल्क्युलेटरच्या चिपला आकडे दाखवणं ठाऊक, धावणारा माणूस दाखवणं नव्हे. मग एक ठिपका उजळ आणि बाकीचे मंद कसे झाले? रेघा एकाच वेळी पेटत नाहीत. एकामागून एक, डोळ्याला कळणार नाही इतक्या भराभर त्या पेटतात आणि विझतात. तुमच्या ठिपक्याला त्या फेरीत जास्त वेळ पेटू दिलं की तो उजळ दिसतो, बाकीच्यांना कमी वेळ दिला की ते मंद. वेगळा रंग नाही, वेगळा दिवा नाही. आपण कोण आणि ते कोण, हे केवळ वेळेच्या वाटपाने सांगितलं आहे. हे समजल्यापासून त्या लाल रेघांकडे पाहताना माझा आदर वाढला आहे.

प्रश्न : याच फुटबॉलचा दुसरा भागही आहे म्हणे. माझ्याकडे कुठला आहे ते कसं ओळखू, आणि कुठला चांगला?

उत्तर : दुसरा १९७८चा. त्यात पास देता येतो आणि मागेही पळता येतं. तुमच्या यंत्रावर पासचं बटण असेल तर तो दुसरा. रंगही वेगळा आहे : पहिल्याचं कवच पांढरट, दुसऱ्याचं हिरवं.

खेळ म्हणून दुसरा जास्त भरलेला आहे आणि खऱ्या फुटबॉलच्या जास्त जवळ. तरीही माझा कौल पहिल्याला. मागे फिरता येत नाही म्हणून प्रत्येक पाऊल कायमचं होतं, आणि त्यामुळेच ते टाकण्याआधीचा विचार खरा होतो. दुसऱ्यात अडचणीत सापडलं की माघार घेता येते. फुटबॉलची आवड असलेल्यांना ते बरं वाटेल, मला ती सुटका नको असते. हा आवडीचा प्रश्न आहे आणि माझी आवड मी सांगितली.

प्रश्न : बॅटरी घातली तरी यंत्र चालू होत नाही. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरं काहीतरी जमलंय. अडॅप्टर लावून बघू का?

उत्तर : अडॅप्टर लावू नका, निदान आत्ता नको. जुन्या यंत्रांच्या अडॅप्टरमध्ये धन टोक पिनेच्या आत की बाहेर, हे सगळीकडे सारखं नसतं. उलट जोडला गेला तर चिप जाऊ शकते, आणि ती चिप पुन्हा मिळणं कठीण. व्होल्ट जुळले म्हणजे सगळं जुळलं असं समजू नका.

जमलेली पूड बॅटरी गळल्याची आहे. अल्कलाइन बॅटरीतलं गळतं ते आम्लाच्या उलट गुणाचं असतं, म्हणून त्यावर पांढरं व्हिनेगर चालतं. इअरबडचं टोक व्हिनेगरमध्ये जेमतेम ओलं करून पूड पुसा. थोडं फसफसेल, घाबरू नका. मग दुसरा इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तीच जागा स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. हातात मोजे घाला, डोळ्यांजवळ बोट नेऊ नका. मॅटेलच्या फुटबॉलला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. तिची दोन टोकं जिथे बसतात ती पकड सैल झाली असेल, तर बारीक चिमट्याने अलगद आवळा. तरीही चालू झालं नाही तर चालू-बंदचा खटका बरेचदा पुढे-मागे करा. वर्षानुवर्षं न हललेल्या खटक्यावर गंज धरतो आणि नुसत्या घासण्यानेही तो कधी कधी सुटतो. पकडीपासून निघणारी तार आतून हिरवी पडली असेल तर मात्र ती बदलावीच लागेल. सोल्डरिंगचा, म्हणजे तारा डाग देऊन जोडण्याचा सराव असलेल्या माणसाला ते काम किरकोळ आहे.

आणि खेळून झाल्यावर बॅटरी काढून ठेवा. मी याबाबत हट्टी आहे. जुनी यंत्रं खेळून खराब होत नाहीत, आत विसरलेल्या बॅटरीने होतात.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला जुन्या खेळांची गोडी लागावी असं वाटतं. फुटबॉलचे नियम त्याला ठाऊक नाहीत. कशापासून सुरुवात करू?

उत्तर : गेम बॉयवरच्या टेनिसपासून. निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय हा हातात धरायचा खेळ-यंत्र १९८९मध्ये आला आणि टेनिसही त्याच वर्षीचा. नियम खऱ्या टेनिसचेच आहेत : पंधरा, तीस, चाळीस, ड्यूस. मुलाने टेनिसचा एखादा सामना पाहिला असेल तर समजावून सांगायला काही उरत नाही. उंच खुर्चीवर पंच म्हणून मारिओ, निन्टेन्डोच्या खेळांतला नायक, बसलेला दिसला की तो खूश होईल तो वेगळाच.

ए बटणाने साधा फटका, बीने उंच लॉब. सर्व्हिसला एकदा दाबून चेंडू वर टाकायचा आणि पुन्हा दाबून मारायचा. मुलं सुरुवातीला सगळं एनेच मारतात. मारू द्या. प्रतिस्पर्धी जाळ्यापाशी आला की त्याच्या डोक्यावरून बी मारायचं, हे त्याला स्वतःला सापडू दे. सांगितलं तर ती युक्ती होते, सापडलं तर त्याचं होतं. अवघडपणाच्या पायऱ्या आहेत, सगळ्यात खालच्या पायरीवर तो नीट रमला की एक-एक वर चढवा.

एक काम तुम्ही करा. मूळ गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही आणि त्यात हिरवट-करड्या चारच छटा आहेत. पडदा सुस्त आहे, वेगाने हलणाऱ्या वस्तूमागे पुसट शेपूट राहतं. टेनिसमध्ये नेमका चेंडूच वेगाने हलतो. म्हणून मुलाला खिडकीपाशी किंवा दिव्याखाली बसवा, आणि डाव्या कडेचं चाक फिरवून पडदा थोडा फिका करा. शेपूट कमी होतं आणि चेंडू स्पष्ट दिसतो. पडद्यालगतचा लाल दिवा मंदावला की सेल संपत आले. त्याला पेन्सिल सेल चार लागतात. दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळायचं तर दोन गेम बॉय, दोन कार्ट्रिज (यंत्रात बसवायची खेळाची डबी) आणि मध्ये जोडायची केबल लागेल. हे जमवता आलं तर जरूर जमवा. बापलेकाचा किंवा मायलेकाचा असा सामना रंगतो. तुम्ही मुद्दाम हरू नका, दहा वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं.

फुटबॉल वर्षभराने द्या. तोवर थांबून खेळणं त्याला टेनिसने शिकवलेलं असेल.

प्रश्न : हे सगळे खेळ फोनवर मिळतात. मग जुनी यंत्रं सांभाळायची कशाला?

उत्तर : खेळाची ओळख करून घ्यायला फोन उत्तम. नियम कळतील, आवडतो की नाही ते कळेल. यंत्र शोधण्याआधी फोनवर खेळून पाहा असं मीच लोकांना सांगते.

पण खेळण्यातला फरक मोठा आहे आणि तो बोटाला कळतो. मॅटेलच्या फुटबॉलमध्ये डोळे खिडकीवरून हटवायचे नसतात. बटणं उठावाची असल्यामुळे बोटाला आपण कुठे आहोत ते न बघता कळतं. सपाट काचेवर अंगठा हळूहळू सरकतो, आणि तुम्ही वर दाबलं असं समजता तेव्हा तो दोन बटणांच्या मध्ये असतो. जिथे एका पावलावर डाऊन जातो तिथे हे फार जड पडतं. टेनिसचं वेगळं आहे. फोनचा पडदा लख्ख, त्यावर चेंडूमागे शेपूटच नसतं. वाचायला हे चांगलं वाटेल. पण ज्यांनी तो खेळ जुन्या पडद्यावर खेळला आहे, ते त्या शेपटावरून चेंडूची दिशा आणि वेग नकळत ताडत असतात. ते गेलं की हात चुकतो.

ज्यांना फोनवरच खेळायचं आहे त्यांनी निदान बटणांचा छोटा कंट्रोलर जोडून खेळावं.

प्रश्न : कार्ट्रिज चालत नसेल तर आम्ही फुंकर मारायचो आणि ते चालायचं. मारू ना?

उत्तर : नको. कार्ट्रिज चालायचं ते बाहेर काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण टोकं घासून नीट जुळायची. फुंकरेने फक्त ओल आत जाते, आणि ओलीने धातूवर डाग पडतात. इअरबड अल्कोहोलने ओला करून पितळी दिसणाऱ्या पट्ट्या एकाच दिशेने पुसा. काळं निघेल. काळं निघायचं थांबेपर्यंत नवा इअरबड घेत राहा, वाळू द्या आणि मग बसवा.